१९७० ची शेव्हेल नव्या कस्टम चॅसिसवर बसवायची आहे. घरच्या गॅरेजमध्ये जमेल का, आणि काम नेमकं कुठे अडतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: शिकागोच्या उपनगरात घर, दोन गाड्यांचं गॅरेज, १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, टू-डोअर हार्डटॉप. मूळ चॅसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मागच्या चाकांच्या वर गंजून चाळण झालीय. ती काढून तयार कस्टम चॅसिस, एलएस३ (जीएमचं नव्या काळातलं व्ही८) इंजिन आणि ट्रेमेक कंपनीचा सहा गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा विचार आहे. जमलंच तर पुढे गाडी पुण्याला न्यायची आहे.

गॅरेजमध्ये जमेल. पण चॅसिस पैसे मोजले की दारात येते. तिच्यावर पन्नासपेक्षा जास्त वर्षं जुनी बॉडी नीट बसवून कोणी देत नाही. वेळ खरा तिथेच जातो. म्हणून अख्खी गाडी दोनदा जोडायची तयारी ठेवा: एकदा कोऱ्या, न रंगवलेल्या लोखंडावर आणि मग सगळं सोडवून, रंगवून पुन्हा. जे पहिली फेरी टाळतात ते रंगवलेल्या चॅसिसवर ग्राइंडर चालवतात.

पाना हातात घेण्याआधी गाडी खरी एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट, नाही ना, ते बघा. १९७० साली एसएस हे वेगळं मॉडेल नव्हतं, पर्याय म्हणून घ्यायचं पॅकेज होतं, त्यामुळे व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचून ते कळत नाही. कारखान्याचा बिल्ड शीट नावाचा कागद पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडू शकतो, तो शोधा. मूळ इंजिनासकट एसएस ४५४ (४५४ घनइंची इंजिनाची) निघाली तर माझ्या मते कापाकापी करूच नये. जशी आहे तशी तिला जास्त किंमत येईल. साधी मालिबू असेल तर खुशाल हात घाला.

शेव्हेलचा फायदा म्हणजे तिची बॉडी आणि चॅसिस वेगळ्या आहेत, मध्ये रबरी बुश आणि बोल्ट. त्याच काळातल्या कॅमारोला फक्त पुढे सुटी सबफ्रेम (छोटी अर्धी चॅसिस) आहे आणि मस्टँगला तर वेगळी चॅसिसच नाही. तिथे फ्लोअर कापून वेल्डिंग करावं लागतं. एक पर्याय मात्र आधी तपासा. जुनी चॅसिस फक्त एखाद्या ठिकाणी सडली असेल आणि सरळ असेल, तर तेवढा तुकडा बदलून, तिच्या उघड्या सी-आकाराच्या रेलना (लांब तुळयांना) तीन मिलिमीटरच्या पट्टीने बंद करून, पुढे उंच स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि सस्पेन्शनचे नवे आर्म टाकले तरी गाडी कितीतरी सुधारते आणि खर्च खूपच कमी येतो. मूळ पुढच्या सस्पेन्शनचा दोष असा की वळणावर बॉडी कलते तसं बाहेरचं चाकही वरून बाहेर कलतं आणि टायर कडेवर चालतो. तो दोष उंच स्पिंडलने बराच जातो. चाळण झालीय म्हणताय, तेव्हा तुमच्या बाबतीत नवी चॅसिसच बरी.

अशा चॅसिस बनवणाऱ्यांपैकी इलिनॉयमध्येच मंडेलीनला रोडस्टर शॉप आणि वुडस्टॉकला श्वार्ट्झ परफॉर्मन्स आहे. वॉशिंग्टन राज्यात आर्ट मॉरिसन. ऑर्डर देताना त्यांना नुसतं 'शेव्हेल' सांगून भागत नाही. १९६८ ते ७२ च्या टू-डोअरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११२ इंच आणि फोर-डोअरचा ११६ इंच, म्हणून बॉडी कोणती ते लिहून द्या. इंजिन, गिअरबॉक्स, हेडर (एग्झॉस्टच्या नळ्या), ऑइल पॅन, टाकी, ब्रेक, चाकाची रिंग आणि टायरचं माप, आणि गाडी किती खाली बसवायची, हे सगळं आधी ठरलेलं हवं. मागचा ॲक्सल रिंगच्या मापाप्रमाणे कापून येतो. आधी ॲक्सल आणि मग आवडली म्हणून रिंग घेतली, तर टायर आत रेलला किंवा बाहेर फेंडरच्या कडेला घासतो.

बॉडी उचलण्याआधी, ती जुन्या चॅसिसवर असतानाच, दारांच्या फटी नीट लावून मोजून लिहून ठेवा. मग दोन्ही दारांच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत एक इंची चौकोनी नळ्या वेल्ड करा, आणि एक नळी डावीकडून उजवीकडे आडवी. हार्डटॉपला मधला खांब नसतो. दाराखालची पत्र्याची तुळई, म्हणजे रॉकर, पोखरलेली असेल तर बॉडी उचलताच मधून खचते, मग दार कधीच नीट लागत नाही. तुमच्याकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा रॉकर, मागच्या काचेखालची पट्टी, डिकीच्या कडा आणि वायपरखालचा काउल स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

पुढचे फेंडर, बॉनेट आणि रेडिएटरचा सांगाडा आधी उतरवा. बॉडीचे बोल्ट हा खरा त्रास आहे. त्यांचे नट फ्लोअरमधल्या पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेले असतात. पिंजरा गंजला की बोल्टबरोबर नटही गोल फिरतो. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा, मग गॅसने तापवा. तरी फिरलाच तर जोर लावू नका, वरून फ्लोअरला छोटी खिडकी कापून नट पान्यात धरा. ती नंतर वेल्ड करता येते. उचलायला टू-पोस्ट लिफ्ट उत्तम. आठ फुटी छतात दोन इंजिन होइस्ट आणि आडवं लाकूडही चालतं, कारण बॉडी अडीच-तीन फूट वर गेली की चॅसिस चाकांवर खालून ओढून काढता येते. त्याआधी स्टिअरिंगचा जोड, हँडब्रेकची केबल, ब्रेक आणि पेट्रोलचे पाइप सोडवा. फायरवॉलची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याची) अर्थिंगची पट्टी हटकून राहते, आणि बॉडी एका बाजूनेच वर येऊ लागली की मग आठवते.

जुन्या बुशांखाली कुठे किती शिम (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) होत्या याचे फोटो घ्या, पण त्या तशाच नव्या चॅसिसवर लावू नका. नवी चॅसिस जिगवर (मापाच्या साच्यावर) बनलेली, बरीच सरळ असते. वाकडी असते ती बॉडी. शून्य शिमने सुरुवात करा. आधी काउलखालचे दोन बोल्ट हलके आवळा, मग मागे मागे जा, रेडिएटरच्या सांगाड्याचे सगळ्यात शेवटी. आता दाराची मागची उभी फट बघा. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर काउलखालच्या बुशाला अर्ध्या सुताची, म्हणजे १/१६ इंचाची शिम द्या. पुढचा भाग उचलला जातो आणि दाराचं वरचं टोक मागे सरकतं. वर अरुंद असेल तर उलट, तिथली शिम काढा. काढायला शिम नसेल तर बाकीच्या मागच्या बुशांना तेवढीच जाडी द्या. एका वेळी एकच बदल करायचा, बोल्ट आवळायचे आणि पुन्हा मोजायचं. बिजागऱ्यांना हात लावायचा तो हे सगळं झाल्यावर. उलट क्रमाने केलं तर दार लागतं, पण फेंडर कुठेच जुळत नाही.

पहिल्या जोडणीत इंजिनाचा रिकामा ब्लॉक किंवा प्लास्टिकचा नमुना आणि गिअरबॉक्सची मोकळी पेटी पुरते. कॉइलओव्हरमधल्या (शॉक ॲब्सॉर्बरवरच बसवलेल्या) स्प्रिंगा काढून त्या जागी ठरलेल्या उंचीच्या पट्ट्या लावा. मग पट्टी काढून चाक पूर्ण वर दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकाला फिरवा आणि टायर कुठे लागतो ते बघा. बॉनेट बसवून बघा: ट्रकमधून काढलेल्या एलएसचा इनटेक (हवा आत नेणारा भाग) उंच असतो आणि ऑइल पॅन खोल, त्यामुळे एक वर अडतो, दुसरा खाली. एसीचा कॉम्प्रेसर खाली असेल तर तो रेलला भिडतो. हेडर आणि स्टिअरिंगच्या दांड्यात बोटभर तरी जागा हवी. ट्रेमेकचा सहा गिअरचा टी-५६ मॅग्नम घेतलात तर फ्लोअरचा बोगदा कापून उंच करावा लागेल हे धरून चाला. एलएस३ च्या ४३० अश्वशक्तीला त्यांचाच पाच गिअरचा टीकेएक्स पुरून उरतो आणि त्यात कापाकापी कमी. रोज हायवेवर सत्तर मैलांनी जायचं नसेल तर मी तोच घेईन.

आता प्रॉपेलर शाफ्टचा कोन. नवी गाडी साठ-सत्तर मैलांवर थरथरते तेव्हा चाकं बॅलन्स करण्यात लोक पैसे घालवतात, आणि कारण बरेचदा इथे असतं. इंजिन-गिअरबॉक्सची रेषा मागे तीन अंश खाली असेल तर डिफरन्शिअलच्या पिनियनची रेषा पुढे तीन अंश वर हवी, म्हणजे दोन्ही रेषा समांतर. दोन्हींतला फरक एक अंशाच्या आत ठेवा. शाफ्टच्या टोकांच्या प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंटला एक ते तीन अंश काम मिळायला हवं. अगदी शून्य असेल तर त्यातल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी राहून खड्डे पाडतात. हे मोजमाप गाडी ठरलेल्या उंचीवर, पूर्ण वजनानिशी असतानाच घ्यायचं. स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारं शाफ्टचं टोक) पूर्ण आत ढकलून पाऊण ते एक इंच बाहेर ओढा आणि त्या जागेवरून शाफ्टची लांबी मोजा.

एलएस३ ला ५८ पीएसआय दाबाने पेट्रोल लागतं. जुन्या टाकीत आडपडदे नसतात, त्यामुळे टाकी पाव भरलेली असताना वळणावर पंपाला हवा मिळते आणि इंजिन अडखळतं. पंप टाकीच्या आत असलेली नवी टाकी घ्या. कार्ब्युरेटरवाली साधी रबरी नळी इथे चालणार नाही, पीटीएफईची (टेफ्लॉनची) घ्या. टाकीच्या आतल्या तुकड्याला पेट्रोलमध्ये बुडून टिकणारी, ३०आर१० लिहिलेलीच हवी. नव्या टाकीचा फ्लोट ० ते ९० ओहमचा मागवा. दुसरा आला तर डॅशबोर्डवरचा जुना काटा भरलेल्या टाकीलाही भलतंच काहीतरी दाखवतो.

ब्रेकच्या पाइपांत दोन प्रकारच्या फ्लेअर (पाइपाची पसरवलेली तोंडं) असतात: जुन्या गाड्यांची ४५ अंशांची दुहेरी आणि एएन फिटिंगची ३७ अंशांची. त्या एकमेकींवर आवळल्या की सुरुवातीला गळल्या नाहीत तरी पुढे गळू शकतात. बूस्टरशिवाय डिस्क ब्रेक ठेवणार असाल तर पेडलच्या तरफेचं प्रमाण सहाच्या आसपास आणि मास्टर सिलिंडर १५/१६ ते १ इंच. मोठा सिलिंडर लावला तर पेडल दगडासारखं घट्ट लागतं आणि गाडी थांबत नाही.

कूलिंगमध्ये एकच गोष्ट सांगतो. एलएसच्या हेडवरून येणारी बारीक वाफेची नळी बंद करू नका. ती रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा उंचावरच्या टाकीत सोडा. बंद केली तर हेडमध्ये हवा अडकते आणि काटा ठीक दिसत असतानाही इंजिन आतून तापतं.

वायरिंगमध्ये बहुतेक भुताटकी अर्थिंगची असते. चॅसिसवरचं पावडर कोटिंग (भाजून बसवलेला रंग) वीज वाहू देत नाही आणि बॉडी रबरावर बसलेली आहे, म्हणजे बॉडी, चॅसिस आणि इंजिन तिन्ही एकमेकांपासून तुटलेली. इंजिन ते चॅसिस, इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते इंजिन अशा तीन जाड पट्ट्या, प्रत्येक जागी कोटिंग खरवडून. मग स्टार्टर फिरत असताना ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये व्होल्टमीटर लावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी जोड कच्चा आहे. कोटिंगला देण्याआधी सगळे आटे आणि बुश बसण्याच्या जागा झाकायला सांगा, नाहीतर प्रत्येक भोकात पुन्हा आटे पाडायचा टॅप फिरवत बसाल.

अलाइनमेंटला कारखान्याचे जुने आकडे देऊ नका, ते बारीक क्रॉस-प्लाय टायरच्या काळातले आहेत. चॅसिसवाला देतो ते घ्या. साधारण पाच अंशांच्या वर पॉझिटिव्ह कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) आणि अर्धा अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरून आत कल). पाचशे मैल झाले की बॉडी आणि सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

कागदपत्रांबाबत: व्हीआयएनची पट्टी डॅशबोर्डवर आहे, तिला हात लावू नका, ती काढणं किंवा हलवणं हा गुन्हा आहे. जुन्या चॅसिसवरही क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. तो नव्या चॅसिसवर स्वतः ठोकू नका. त्याचा फोटो आणि नव्या चॅसिसचं बिल जपून ठेवा आणि राज्याच्या वाहन कार्यालयात आधीच विचारा, कारण चॅसिस बदलल्यावर टायटलवर (मालकीच्या कागदावर) काय नोंद होते हे राज्यागणिक बदलतं. विमा कंपनीशी आधी ठरवलेल्या किमतीचा घ्या.

पुण्याचा विचार मात्र सोडा. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तुमच्या गाडीत चॅसिस आणि इंजिन दोन्ही बदललेली असतील. साध्या नोंदणीचा मार्गही मोकळा नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पुण्यात शेव्हेल हवीच असेल तर मूळ चॅसिस आणि मूळ इंजिनाची वेगळी शोधा, आणि ही इलिनॉयमध्येच चालवा.