हयातीच्या दाखल्याची रांग

प्रिय मुली,

काल फोनवर तू दमलेली वाटलीस. काउंटरवर बसून जेमतेम चार महिने झाले आणि पहिलाच नोव्हेंबर अंगावर आलाय. पेन्शन चालू राहावी म्हणून दर नोव्हेंबरला बँकेत द्यायचा तो हयातीचा दाखला; ठाण्यातल्या शाखांमधली त्याची रांग मला नवी नाही. २२ वर्षं मी तिच्यासमोर बसले. पण तू सहज म्हणालीस, "आजींचा अंगठाच उमटत नाही, मग सांगते, उद्या मुलाला घेऊन या," ते मनातून जाईना.

अंगठा उमटत नाही, कारण जन्मभर भांडी घासून, धुणी धुऊन रेषा झिजल्यात आणि वयाने कातडी कोरडी पडलीय. एक बाई मला अजून दिसतात. पदराने अंगठा पुसायच्या, कपाळाला लावायच्या, पुन्हा काचेवर दाबायच्या. सहाव्यांदाही मशीनने नाकारलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "माफ करा हं." माफी त्यांनी का मागायची? २०२१ पासून जीवन प्रमाणमध्ये, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्यात, चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, ते आधी करून बघ. नाहीच जमलं तर कागदी दाखला आहे. सत्तरीच्या पुढच्यांना घरी जाऊन सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सगळ्या बँकांना सांगितलंय. रांगेतल्या बायकांना हे कुणी सांगत नाही, तू सांग.

आणि त्यांना नावाने हाक मार. पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांना आपण आडनाव घेऊन 'साहेब' म्हणतो, त्यांच्याच वयाच्या बाईला नुसतं 'आजी'. त्यात माया असते, मान्य आहे, पण नातवंडं घरी आहेत त्यांना. इथे त्या खातेदार आहेत.

माझ्या हातूनही चुकलंय. एका बाईंसमोर मी त्यांच्या मुलाला विचारलं, "आईंना सही येते ना?" त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. काही बोलल्या नाहीत. पर्समधून पेन काढलं, वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, टोपण लावलं आणि मुलाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून मी कुणालाच गृहीत धरलं नाही. ज्यांना सही येत नाही त्यांनाही "आता या वयात काय शिकणार" म्हणू नकोस. आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी साडी नेसून, पाटी घेऊन तिथे अक्षरं गिरवायला बसल्या.

सगळ्यात जपायचं ते पैशाच्या वेळी. नवऱ्यामागे फॅमिली पेन्शन सुरू होते तेव्हा कित्येकींच्या हातात पहिल्यांदा फक्त स्वतःच्या नावाचं पासबुक येतं, आणि एटीएम कार्ड मात्र मुलाच्या खिशात. "तुला या वयात पैसे कशाला लागतात?" हे वाक्य मी काउंटरवर किती वेळा ऐकलंय! म्हातारपणी बाईला इच्छा नसाव्यात, असं आपल्याकडे फार शांतपणे ठरवून टाकतात. तू स्लिप मुलाकडे देऊ नकोस. बाईंकडे बघून विचार, "किती काढायचे?" मुलगा मध्ये बोललाच तर थांब, त्यांच्या तोंडून आकडा येऊ दे. एकदा अशीच थांबले होते. खूप वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "दोन हजार जास्त काढा. गडकरीला नाटक लागलंय, मैत्रिणींची तिकिटं मी काढणार आहे."

दुसऱ्या शनिवारी सुट्टी असेल ना? संध्याकाळी तलावपाळीला ये, मी कोपिनेश्वराच्या बाजूला बसलेली असेन.

तुझी,
मावशी