रंग आधी की टाका आधी?

प्रश्न : मी काही वर्षांपासून मांजरपाटावर ॲक्रिलिकने निसर्गचित्रे रंगवते. आईकडून शिकलेले भरतकामही चित्रात आणावे असे वाटले, म्हणून यंदा एका चित्रातल्या झाडीवर टाके घातले. परंतु सुई अडकते, छिद्रांभोवती रंगाचे कपचे निघतात आणि कापडही आक्रसते. ते चित्र पाहून एका जाणकारांनी ‘ही हस्तकला झाली, चित्र नव्हे’ असेही म्हटले. रंग आधी द्यावा की टाके आधी घालावेत? आणि अशा कामाला चित्र म्हणावे का? सोबत छायाचित्र पाठवत आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ॲक्रिलिक रंगातले पाणी उडून गेले की मागे प्लास्टिकचा सलग पापुद्रा उरतो आणि तो कापडाची वीण बुजवून टाकतो. कोऱ्या मांजरपाटात सुई उभ्या-आडव्या धाग्यांना बाजूला सारून जाते आणि ते धागे पुन्हा जवळ येतात. रंगाच्या थराला मात्र तिला भोक पाडावे लागते आणि ते बुजत नाही. खाली खडूचा अंश असलेले प्रायमर, म्हणजे रंगाआधी कापडाला द्यायचा लेप, असेल, तर भिंगातून पाहताना टाक्याच्या तोंडाशी पांढरी भुकटी दिसते. आपले कपचे बहुधा तेच आहेत.

म्हणून रंग आधी द्यावा, पण पातळ. कापड धुऊन त्यातली खळ पूर्ण काढावी, प्रायमर लावू नये, ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर मऊ ठेवणारे द्रव) मिसळून ते जलरंगासारखे लावावे, दिवसभर वाळू द्यावे आणि उलट बाजूने इस्त्री फिरवून मगच सुई हाती घ्यावी. जिथे दाट रंग हवाच आहे, तिथे क्रम उलटा करावा : टाके आधी पूर्ण करून रंग त्यांच्या कडेपर्यंतच आणावा, कारण दोऱ्यावर रंग वाळला की त्याची झळाळी जाते आणि तो काडीसारखा कडक होतो. सहा पदरी दोऱ्याचे दोन-तीनच पदर घ्यावेत. सुई दोऱ्याहून किंचित जाड असावी, म्हणजे दोरा तिच्या वाटेने न घासता जातो. आक्रसण्यावर उपाय म्हणजे मागे मलमलीचे अस्तर टाचून दोन्ही कापडे एकत्र ताणावीत आणि टाका ओढून घट्ट करू नये.

दुसऱ्या प्रश्नाचा विचार करताना मला हिमाचल प्रदेशातला चंबा रुमाल आठवतो. पहाडी शैलीचे चित्रकार कोऱ्या सुती कापडावर कोळशाने रेखाटन करीत आणि रंगसंगती सुचवीत. मग स्त्रिया बिनपिळाच्या रेशमाने ‘दोरुखा’ टाक्याने ते अशा रीतीने भरीत, की रुमाल उलटा केला तरी तेच चित्र दिसावे, गाठ कुठेही दिसू नये. कुरुक्षेत्राच्या युद्धाचा असा एक मोठा रुमाल राजा गोपाल सिंह यांनी १८८३ साली ब्रिटिशांना दिला होता आणि तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या कामात चित्रकाराचा हात कुठे संपतो आणि भरणारीचा कुठे सुरू होतो, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून चित्र आणि हस्तकला यांच्यात रेघ ओढणे मला मुळातच पटत नाही.

आजच्या कलाकारांनी तर ती रेघ कधीच ओलांडली आहे. नेदरलँड्सचे मायकेल रेडेकर कॅनव्हासवर रंग आणि दोरा एकत्र वापरतात. १९९९ साली त्यांना ब्रिटनमधला जॉन मूर्स पुरस्कार मिळाला आणि तो चित्रकलेचाच पुरस्कार आहे. कैरोत जन्मलेल्या गादा आमेर रंगवलेल्या कॅनव्हासवर भरतकाम करतात, दोऱ्यांची टोके न कापता सुटी सोडतात आणि पारदर्शक जेलने ती चिकटवतात. दुरून ती टोके ओघळलेल्या रंगासारखी दिसतात, जवळ गेल्यावर त्यांच्या गुंत्यातून आकृती हळूहळू उमटते. तिथे दोरा रंगाची सजावट करीत नाही, स्वतःच रेघ होतो.

आपल्या छायाचित्रात मला अडचण नेमकी इथेच दिसली. पाने आधी हिरव्या रंगाने पूर्ण रंगवली आहेत आणि त्यांच्यावर त्याच हिरव्या दोऱ्याचा भरीव टाका घातला आहे. म्हणजे रंगाने सांगितलेलेच दोरा पुन्हा सांगतो आहे. डावीकडच्या खोडावरचा साखळी टाका मात्र फार सुंदर उतरला आहे, कारण तिथे रंग फिका आहे आणि सालीचा खडबडीतपणा केवळ दोऱ्यातून आला आहे, जो कुंचल्याने तसा आला नसता. पुढच्या चित्रात पाने नुसत्या पातळ रंगाची ठेवून टाके खोडावर आणि वाळलेल्या गवतावरच घालून पाहावेत.

प्रश्न : असे चित्र काचेत बसवावे का? – वरील वाचक

उत्तर : बसवावे, पण काच टाक्यांना टेकता कामा नये; चौकटीत आतून पट्टी देऊन अंतर ठेवावे. कापड गोंदाने न चिकटवता मागच्या पुठ्ठ्यावर ओवून ताणावे. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर ते लावू नये, आणि तांबडा किंवा काळा दोरा वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या कापडात दाबून त्याचा रंग सुटतो का, हे पाहून घ्यावे.