मागच्या ओसरीतल्या दोन खाटा

प्रिय मावशी,

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात लग्न होऊन येऊन मला ११ वर्षं झाली. दर मे महिन्यात नणंद, तिचे यजमान आणि मुलं पुण्याहून येतात, महिनाभर राहतात. रसाळी होते, पहाटे चारपासून कुरोड्या घालतो, रात्री गच्चीवर गाद्या पडतात. सगळे म्हणतात, गावच्या उन्हाळ्याची मजाच वेगळी. मला मात्र होळी झाली की धडकी भरते. डोकं ठणकतं, चिडचिड होते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कूलर पुढच्या खोलीत आहे, त्यात पाणी मीच भरते. नणंद मनानं चांगली आहे. फोटो काढताना म्हणते, "वहिनी, हसा की जरा, असा उन्हाळा आम्हाला कुठे मिळतो?" हे सज्जन आहेत, कधी टाकून बोलत नाहीत. पण परवा तेही म्हणाले, "तुला कशाचाच आनंद होत नाही." मला उन्हाळीही लागते, लघवीला जळजळ होते, पण ती दरवर्षीचीच. संडास मागच्या आवारात आहे, टिनाचा. दुपारी मागच्या ओसरीत मामाजी, म्हणजे सासरे, आणि जवाई झोपलेले असतात, त्यांच्या खाटांमधून जावं लागतं, म्हणून पाणी बेतानंच पिते. उन्हाळ्याचा आनंद घ्यायला मनाला वळण कसं लावू?

एक सून

पोरी,

तुझ्या पत्रात रसाळी आहे, फोटो आहेत, गच्चीवरच्या गाद्या आहेत. उन्हाळीला एक ओळ मिळाली, आणि तीही "दरवर्षीचीच" म्हणत तू लगेच पुसून टाकलीस. मी त्या ओळीपाशी अडले. मनाला वळण लावायचं राहू दे. तू तहानलेली आहेस. होळीपासून मृगापर्यंत, दर दुपारी, गेली ११ वर्षं.

बेतानं म्हणजे किती, ते तू लिहिलं नाहीस. पण खेड्यात दुपारची झोप बारा-साडेबाराला लागते आणि चहाला चार वाजतात. तेवढ्या वेळात बाहेर जावं लागू नये म्हणून बाई दहालाच पाणी तोडते. म्हणजे पहाटे चारला चीक शिजवायला उठलेली, चुलीपुढे घरभराच्या पोळ्या लाटलेली तू दिवसाचे सगळ्यांत तापलेले सहा तास कोरडी काढतेस. ते दिवस कसे असतात ते विदर्भात राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. पारा ४५ अंशांवर गेला की हवामान खातं त्याला उष्णतेची लाट म्हणतं आणि ४७ ला तीव्र लाट. आपल्याकडे नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, ४५ म्हणजे नेहमीची दुपार.

हवा अंगापेक्षा गरम झाली की आतली उष्णता बाहेर टाकायला घाम सोडून दुसरी वाट उरत नाही. घामाला पाणी लागतं. तू ते दिलं नाहीस की शरीर रक्तातलं पाणी उचलतं, आणि मूत्रपिंडं उरलेलं धरून ठेवतात. लघवी थोडी होते, दाट होते, गर्द पिवळी होते आणि जळते. तीच तुझी उन्हाळी. वरून ती तू तासन् तास अडवून धरतेस, म्हणजे जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर मुतखड्याचीही भीती. कपाळ ठणकणं, उठताना अंधारी, पोरानं नुसती हाक मारली तरी अंगावर खेकसावंसं वाटणं, ही सगळी अंगातलं पाणी घटल्याची लक्षणं आहेत. तुझा नवरा ज्याला आनंद न होणं म्हणतो, त्यातलं बरंचसं हे आहे.

आणि कुणी म्हणेल, तुला तर इथल्या उन्हाची सवय असेल. सवय होते, खरं आहे. तापात काम करणाऱ्या अंगाला साधारण दहा-चौदा दिवसांत ती लागते. पण सवय होणं म्हणजे काय, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सवय झालेल्या अंगाला घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो. म्हणजे पुण्याहून परवा उतरलेल्या नणंदेपेक्षा तुला पाणी जास्त लागतं. गावाकडच्या बाईला कमी पाण्यावर निभावता येतं, ही समजूत साफ उलटी आहे.

मला तुझा रागही आला आहे. घरातल्या प्रत्येकाला दुपारी काय लागतं ते तुला पाठ आहे, आणि स्वतःची लघवी तू पाहुणे जागे होईपर्यंत लांबवतेस. हे तू नवऱ्याला कधी सांगितलं आहेस का? पत्रावरून तरी वाटत नाही. आणि त्याच्या सज्जनपणाचं कौतुक मी करणार नाही. टाकून बोलत नाही, ठीक. पण बायको दुपारभर पाणी का पीत नाही हे ज्याला ११ वर्षांत दिसलं नाही, त्यानं तिच्या आनंदाचा हिशेब मांडू नये.

तेव्हा एकच काम कर. मागच्या ओसरीतल्या त्या दोन खाटा हलव. उद्या नाही, आज.

खाटा तिथे का पडतात हेही मला दिसतं आहे. दुपारी मागच्या बाजूला सावली असते म्हणजे तुझ्या घराचं तोंड पश्चिमेला असणार, आणि पुढची छपरी दोन वाजल्यापासून भाजून निघत असणार. म्हणून नुसतं "पुढे झोपा" म्हटलंस तर दोघं एक दिवस झोपतील आणि तिसऱ्या प्रहरी खाटा उचलून परत मागे येतील. आधी पुढची छपरी झोपण्याजोगी करावी लागेल. त्याला एका सकाळचं काम आहे.

तागाची जुनी पोती घ्यायची, तूर-हरभऱ्याच्या बारदान्यातली. प्लॅस्टिकची विणलेली पोती पाणी धरत नाहीत, ती घेऊ नका. औषध लावलेल्या बियाण्याची किंवा खताची तर अजिबात नको. दोनदा धुऊन त्यांची शिवण उसवायची, म्हणजे पोतं आडवं उघडतं. छपरीच्या रुंदीएवढी दाभण आणि सुतळीनं जोडायची, आणि दुहेरी शिवायची. एकेरी पडदा पंधरा मिनिटांत वाळतो आणि मग कुणी तो भिजवत बसत नाही. वरच्या कडेत एक वेळू आणि खालच्या कडेत दुसरा ओवायचा. खालच्या वेळूचं वजन नसेल तर पश्चिमेचा झोत पडदा उडवून झोपलेल्याच्या तोंडावर आणतो. पडदा खांबांच्या बाहेरच्या अंगाला टांगायचा आणि खाली वीतभर, वर हातभर फट ठेवायची. फट बुजवली तर आत दमट कोंडतं आणि मग गोणपाटाला नावं ठेवली जातात.

बारा वाजता अर्धी बादली पाण्यानं तो पुरता भिजवायचा, पुढे दर अर्ध्या-पाऊण तासानं तांब्या-तांब्यानं शिंपडायचं. भांडी विसळलेलं दुसरं पाणी चालतं, साबणाचं नको. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असते, म्हणून पाणी झपाट्यानं उडतं आणि आत येणारा वारा निवतो. कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. मृगाच्या तोंडावर आभाळ भरून आलं, अंग चिकचिकायला लागलं की पडदा आणि कूलर दोन्ही निकामी होतात. तेव्हा पडदा काढून टाकायचा. रोज संध्याकाळी तो वर गुंडाळून वाळू द्यायचा, नाहीतर आठ दिवसांत कुबट वास येतो.

नळ दिवसाआड येत असेल आणि शिंपडायला पाणी नसेल, तर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, कुड बांधून पश्चिमेला उभा करा. खांबांपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे कुड तापला तरी त्याची धग आत येत नाही. एवढा थंडावा मिळणार नाही, पण ऊन अडेल.

पाणी कुणी शिंपडायचं, हे तू विचारशील म्हणून लिहिते: जे तिथे झोपतात त्यांनी. तांब्या खाटेखाली ठेवलेला असावा.

संडासाकडे वळू. दुपारी टिनाच्या आत पाय ठेववत नाही, हे तू लिहिलं नाहीस, पण टिन म्हटल्यावर ते आलंच. टिनावर थेट गवत टाकू नका. आधी चार आडवे बांबू आणि त्यांवर तुराट्यांचा वीतभर थर, तारेनं आवळून. टिन आणि तुराट्या यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे. गच्चीवर काळी टाकी असेल तर एकनंतर तिच्या नळाचं पाणी हाताला चटका देतं, म्हणून सकाळी सहाला एक बादली भरून, झाकण घालून आत सावलीत ठेवून दे. उन्हाळी लागलेल्या बाईनं त्या कढत पाण्यानं धुणं म्हणजे जखमेवर मीठ.

मग प्यायचं. एक लिटरची बाटली फक्त तुझी, तुझ्या खुणेची. उठल्यापासून दहापर्यंत दीड बाटली, दहा ते चार दीड, चार ते झोपेपर्यंत एक. चुलीपुढे असताना दर वीस मिनिटांनी पेलाभर. एकदम तांब्याभर ओतू नकोस, पोट डबडबतं आणि मग तासभर घोट घेववत नाही. यात दोन पेले मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं धर, कारण घामातून मीठही जातं. गळल्यासारखं झालं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून जास्त घालायचं नाही. घरात कुणाला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्याला हे माप लावू नकोस, त्याचं डॉक्टर सांगतील. तुझ्यापुरती खूण सोपी आहे: दर तीन-चार तासांनी लघवी झाली पाहिजे आणि तिचा रंग फिकट पिवळा असला पाहिजे. दुपारी गर्द दिसली तर बाटली मागे पडली आहे.

धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, खडीसाखर, सासूबाई जे देतील ते घे. त्यानं अपाय नाही, आणि त्या निमित्तानं पाणी पोटात जातं. पण असं पोटभर पिऊन दोन दिवसांत जळजळ थांबली नाही, किंवा ताप, थंडी, कमरेत कळ, लघवीतून रक्त यांतलं काहीही दिसलं, तर घरगुती उपाय तिथेच थांबव आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लघवी तपासून घे. दिवस गेले असतील तर दोन दिवसही थांबू नकोस. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढले की सब्जा काही करू शकत नाही. पदराला बांधलेला कांदाही काही करत नाही, तो भाकरीबरोबर खा.

कुरोड्यांबद्दल एकच. पहाटे चारला बसलात तर आठ-साडेआठला शेवटची कुरोडी खाटेवर पडलेली असते. त्यानंतर तिला ऊन लागतं, राखण लागत नाही. चिमण्या-कावळ्यांसाठी वरून जुनं पातळ लुगडं ताणून चारी टोकांना दगड ठेवा आणि आत या. अकरा ते चार तू उन्हात दिसता कामा नये.

आणि कूलर. त्यात पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नकोस, पिन काढ. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि तुझ्या घरात आता पोरंही आहेत. पाणी भरून झालं की त्याच खोलीत, त्याच झोतात तासभर आडवी हो. खोलीची समोरची खिडकी उघडी ठेव, नाहीतर कूलर असूनही घुसमटतं. नणंदेला सांग, "सरका जरा." ती चांगली आहे म्हणतेस ना, मग सरकेल.

आता तुझा मूळ प्रश्न. पाणी प्यायलीस, सावलीत निजलीस, उन्हाळी गेली, तरीही तुला उन्हाळा आवडला नाही तर? नको आवडू दे. नणंदेला मे महिना गोड लागतो कारण तिच्यासाठी तो माहेर आहे, आणि पोरांना तो मामाचा गाव आहे. त्या गावात मामी कोण असते, हे कुणी विचारत नाही. तू त्यांना महिनाभर रांधून घालतेस, त्यांची पोरं सांभाळतेस. त्यावर पुन्हा तुझा चेहरा प्रसन्न दिसला पाहिजे, हे मागणं जास्तीचं आहे, आणि ते तू पुरवू नकोस. फोटोत हसली नाहीस तर फोटो तसाच येऊ दे. पहिला पाऊस पडून मातीचा वास सुटला की तुला जे वाटतं, ते त्यांना वाटत नसेल. तो तुझा ऋतू असेल, थांब त्याच्यासाठी.

आज संध्याकाळी नवरा घरी आला की त्याला एवढंच म्हण: "मला दुपारी संडासला जाता येत नाही म्हणून मी पाणी पीत नाही. मागच्या खाटा पुढे न्या." कारणं देत बसू नकोस, आवाज खाली घेऊ नकोस, मामाजी ऐकतील म्हणून कोपऱ्यात नेऊ नकोस. ऐकू देत. आणि तो खाट उचलायला लागला की दुसरी बाजू तू धरू नकोस. जवाई आहेत ना घरात.

तुझी मावशी