चैत्रात चालायचं तर सावली बघून वाट धरा

प्रश्न : सिस्टर, मी ठाण्यात राहते, वय ५२. रोज सकाळी तलावपाळीला तासभर चालते. यंदा एक तरी पायी यात्रा करायचीच असं ठरवलं आहे. मैत्रिणी चैत्रात उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमेला निघाल्यात. सासर धुळ्याचं, त्यामुळे सासूबाई म्हणतात की वणीला चालत जा. भाऊ म्हणतो, आषाढीपर्यंत थांब आणि माउलींबरोबर चल. माझ्या मनात तर पूर्ण नर्मदा परिक्रमाही घोळते आहे. कुठली वाट धरू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, मीही धुळ्याचीच, तेव्हा सासूबाईंचं म्हणणं मला लगेच पटलं. एकतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होते आणि चौदा वेळा चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडावर चालत गेले. तरीही मी तुम्हाला धुळ्याहून चालायला सांगणार नाही. का, ते नीट सांगते.

आधी पूर्ण परिक्रमा. ती उन्हाळ्यात सुरू करायची नसतेच. कार्तिकी एकादशीनंतर लोक निघतात, चातुर्मासात चालणं थांबतं. तीन हजार किलोमीटरच्या वरची ती वाट. भराभर चालणाऱ्यांनाही चार-पाच महिने लागतात. ती मनात असू द्या, पण या चैत्रात नको.

आता वणी. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर उत्सव असतो आणि सगळा खानदेश तिकडे निघतो. आम्हा बायकांना सप्तशृंगी म्हणजे माहेरची वाट. धुळ्याहून आग्रा रोडने झोडगे, मालेगाव, सौंदाण्यावरून देवळा, कळवण आणि मग गडाच्या पायथ्याचं नांदुरी. चार-पाच दिवस लागतात. वाटेत गावोगाव मांडव असतात. कुणी ताक देतं, कुणी कलिंगडाच्या फोडी. एखादी म्हातारी हात धरून म्हणते, ‘बठ वं माय, पानी पी ले.’ त्या एका शब्दासाठी मी पुन्हा पुन्हा गेले.

पण पहिले दोन दिवस हायवेचे. झाड नाही, बाजूने ट्रक, आणि डांबर इतकं तापतं की दिवस मावळल्यावरही पायाला झळ लागते. माझ्या तिसऱ्या वर्षी मालेगावच्या पुढे आम्हाला उशीर झाला. पुढच्या मंदिरापर्यंत पोचूच म्हणून अकरा वाजले तरी चालत होतो. माझ्या शेजारची बाई सकाळपासून गाणी म्हणत होती. ती गप्प झाली. मग रस्त्यातच उभी राहून मला विचारते, ‘गॅस बंद केला ना मी?’ कपाळाला हात लावला तर तव्यासारखं. निंबाखाली आडवं केलं, शेजारच्या मळ्यातली मोटर चालू करून घेतली, चार लुगडी भिजवून तिच्या अंगावर टाकली, ताटांनी वारा घातला आणि १०८ला फोन केला. वाचली ती. अंग भाजतंय आणि बोलणं भरकटतंय, म्हणजे तो उष्माघात, मग घाम असो वा नसो. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, अंग गार करायचं. हे तुमच्या बरोबरच्या प्रत्येकीला पाठ पाहिजे.

त्या दिवसापासून उन्हाळ्यातली कुठलीही वाट मी एकाच प्रश्नावर तोलते: सकाळी दहाला थांबायला आणि संध्याकाळी पाचपर्यंत पडून राहायला तिथे सावली आहे का, पाणी आहे का? किती किलोमीटर, किती दिवस, हे नंतर. तीनला उठून निघालात तर नवापर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर सहज होतात. दुपारची जागा ठरलेली नसेल तर तेच पंधरा जिवावर येतात.

म्हणून वणीला जायचं तर देवळ्यापासून चाला. तिथपर्यंत एसटीने जा. देवळा ते कळवण एक पहाट, कळवण ते नांदुरी दुसरी, आणि घाट तिसऱ्या पहाटे. हायवे सुटलेला असतो, दुपारी देवळाचा मंडप किंवा शाळेचा व्हरांडा मिळतो. पालखी किंवा पताका घेऊन निघालेल्या, वाट माहीत असलेल्या गटाबरोबरच जा. सासूबाईंच्या गावातून असा गट निघतच असेल. अंधारात चालताना ट्रक समोरून दिसतील अशा उजव्या कडेने चाला आणि पाठीवर चमकणारी पट्टी लावा.

उत्तरवाहिनी सगळ्यांत छोटी. गुजरातेत तिलकवाड्याजवळ नर्मदा उत्तरेकडे वाहते. रामपुऱ्याहून एका काठाने जायचं, नावेने नदी ओलांडायची आणि पलीकडच्या काठाने परत यायचं. सगळं मिळून वीस-एकवीस किलोमीटर, चैत्र महिनाभर चालते. एका रात्री-पहाटेत होते म्हणून पहिल्या यात्रेला चांगली. मैत्रिणींना एवढंच सांगा की शनिवार-रविवार टाळा. चालण्याने होत नाही इतका त्रास नावेच्या रांगेत उन्हात उभं राहून होतो. पहाटे दोन-तीनला निघून ऊन चढायच्या आत परत या.

वारीचं वेगळं. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, पण दिंडीत असलात की सामान ट्रकमध्ये, जेवण भिशीत म्हणजे दिंडीच्या सामायिक पंगतीत, झोपायला राहुटी. तळ आणि विसावे ठरलेले. पाऊस मात्र गृहीत धरू नका. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि अधिक महिन्यामुळे ती तारीख मागे-पुढे होते. २०२३मध्ये आषाढी २९ जूनला होती. पालखी ११ जूनला आळंदीहून निघाली तेव्हा पाऊस आलेला नव्हता, वारकरी अक्षरशः उन्हात चालले. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे आषाढी २५ जुलैला. अशा वर्षी नवख्या माणसाने जावं. पुणे ते सासवड हा टप्पा लांब आणि दिवे घाट उघडा, तेवढ्या दिवसाची तयारी हवी.

माझं मत विचाराल तर यंदा देवळ्याहून गडावर जा. तुमच्या घरची वाट आहे, सासूबाईंना आनंद होईल, आणि तीन पहाटा तुम्हाला झेपतील. मात्र तलावपाळी सपाट आहे. निघण्याआधी महिनाभर येऊरचा चढ आठवड्यातून दोनदा करा, तेही ज्या बुटांत जाणार आहात त्याच बुटांत. नवे बूट नकोत. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा), हे पाणी घोट घोट घेत राहा. नुसतं पाणी ढोसू नका. लघवी गडद पिवळी झाली की तिथेच बसायचं, गट पुढे गेला तरी.

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. माझी नोकरी लागली म्हणून त्यांनी वणीला अनवाणी जायचा नवस फेडायचं ठरवलं आहे. ऐकत नाहीत. काय करू?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भाऊ, अनवाणी अजिबात नको. इतक्या वर्षांच्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असू शकते. आमच्या गटातल्या एका काकांच्या टाचेत बोराच्या काट्याचं टोक मोडून बसलं होतं. त्यांना कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी मोजा ओला लागला म्हणून पाहिलं, तर आत पू. दोन महिने ड्रेसिंग चाललं. तापल्या डांबरावरचा चटकाही असाच कळत नाही.

त्यांना डॉक्टरांकडे न्या, पाय तपासून घ्या, गोळ्या-इन्सुलिन चालण्याच्या दिवसांत कसं घ्यायचं ते विचारून घ्या. चालल्यावर साखर उतरते, खिशात खडीसाखर हवीच. मग त्यांना सांगा की घाट चढून होईपर्यंत बूट-मोजे घालून चाला, आणि गडाच्या पहिल्या पायरीवर पहाटे, दगड गार असताना, बूट काढा, मोजे राहू द्या. आमच्यातल्या दोघा म्हाताऱ्यांनी असाच नवस फेडला.

रोज संध्याकाळी त्यांचे तळवे तुम्ही स्वतः बघायचे. टॉर्च लावून, बोटांच्या बेचक्यांसकट. फोड दिसला तर फोडायचा नाही, कातडं ओढायचं नाही, स्वच्छ पट्टी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी चालणं बंद. परत आल्यावर त्यांचे पाय कसे आहेत, ते मला नक्की कळवा.