उबंटू लावण्याआधी नुसतं चालवून बघ

विंडोजऐवजी उबंटू २४.०४ (लिनक्सवर चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) लावायचं म्हणतोयस, छान! पण लगेच हार्डडिस्कला हात लावू नकोस. ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर आयएसओ (उबंटूची इन्स्टॉल करायची फाइल) बूट होईल अशी चढव, लॅपटॉप त्यावरून चालू कर आणि 'ट्राय उबंटू' निवड. वायफाय, आवाज, टचपॅड, मराठी टायपिंग तिथंच तपास. वायफाय चाललं नाही तर मोबाइल यूएसबीनं जोडून नेट घे.

- इन्स्टॉल करताना येणारा 'इरेज डिस्क' पर्याय म्हणजे विंडोजसकट सगळं साफ. मी घाईत तेच दाबलं. सांगलीच्या यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचा हिशेब गेला, वडील आठवडाभर बोलले नाहीत. म्हणून आधी बॅकअप.
- एलटीएसच (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती, २४.०४ तशीच आहे) घे. पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने.

टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी), पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं) सगळं नंतर. अडलास तर लॅपटॉपचं मॉडेल सांगून विचार.