टीव्हीवरची बातमी जपून ठेवायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

टीव्हीवरच्या बातम्यांचं रेकॉर्डिंग आणि मॉनिटरिंग (म्हणजे चॅनेल काय दाखवतात त्याची नोंद ठेवणं) या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत बरीच पत्रं आली, कॉलेजवाल्यांची जास्त, नगरपरिषदवाल्यांची थोडी. त्यातली निवडक इथे घेतोय.

आमच्या कॉलेजात पत्रकारितेचा छोटा विभाग आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि तिथल्या नगरपालिकांत म्हणे अशी सिस्टीम असते की शब्द टाईप केला की तो कुठल्या चॅनेलवर किती वाजता बोलला गेला ते क्लिपसकट समोर येतं. आमचं बजेट अगदीच तुटपुंजं आहे. आम्हाला असं काही जमेल का?
– प्राध्यापिका, रत्नागिरी

मॅडम, जमेल, पण तिकडे हे सोपं का आहे ते आधी समजून घ्या म्हणजे विकत काय घ्यायचं आणि काय नाही ते ठरवता येईल. तिकडे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कार्यक्रमाबरोबर कॅप्शन येतात. १९९० साली कायदा झाला आणि १९९३ पासून १३ इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत कॅप्शन दाखवायची सोय सक्तीची झाली, मग १९९६ च्या कायद्याने चॅनेलवाल्यांवरही कॅप्शन द्यायचं बंधन आलं. म्हणजे बोललेला शब्द लिखित स्वरूपात सिग्नलबरोबरच घरात येतो, सॉफ्टवेअरला तो फक्त साठवायचा आणि शोधायचा असतो. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचा टीव्ही बातम्यांचा संग्रह २०१२ पासून याच कॅप्शनवर शोधता येतो. आणि त्याच्याही कितीतरी आधी, ५ ऑगस्ट १९६८ पासून, व्हँडरबिल्ट विद्यापीठाने रोजच्या संध्याकाळच्या बातम्या टेपवर घ्यायला सुरुवात केली, कारण चॅनेलवाले स्वतः त्या नीट जपत नव्हते. हे काम एका विद्यापीठाने अंगावर घेतलं, सरकारने नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या मराठी न्यूज चॅनेलवर तशी कॅप्शन नसतात. त्यामुळे ती महागडी परदेशी सिस्टीम जशीच्या तशी आणली तरी तिचा अर्धा जीव इथे चालणार नाही. आपल्याला शब्द स्वतः तयार करावे लागतात आणि त्याला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आवाजावरून मजकूर, त्यासाठी व्हिस्परसारखं फुकट मॉडेल आहे, २०२२ मध्ये आलं, मराठी त्याला कळते पण गावांची नावं त्याला झेपत नाहीत. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, आपल्या चॅनेलच्या स्क्रीनवर खाली पट्टी, वर पट्टी, बाजूला चौकट असा मजकुराचा नुसता पूर असतो ना, तो चित्रावरून वाचता येतो. टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर देवनागरी आणि मराठी वाचतं, तेही फुकट. मुलांना पहिल्याच महिन्यात तालुक्यातल्या गावांची, नद्यांची, वाड्यांची यादी करायला लावा आणि मशीनने लिहिलेला मजकूर त्या यादीशी ताडून दुरुस्त करायला लावा. बातमीत गावाचं नाव बरोबर लिहिणं हा पत्रकारितेचा पहिला धडा यातून आपोआप होतो.

आता सामान. डीडी फ्री डिशवरचे मोकळे चॅनेल असतील तर कॉम्प्युटरला सॅटेलाइटचं ट्यूनर कार्ड लावून थेट रेकॉर्ड होतात, सह्याद्री त्यात आहेच. पैसे भरून घेतलेल्या चॅनेलसाठी सेटटॉप बॉक्सच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनमधून साधं यूएसबी कॅप्चर (चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं छोटं यंत्र) लावलं तरी अभ्यासापुरतं चित्र मिळतं, एचडीएमआयमधून घ्यायला गेलात तर कॉपी प्रोटेक्शन बहुतेक आडवं येईल. जागेचा हिशोब असा की २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड केलं तर तासाला ९०० एमबी लागतात, दिवसाला साधारण २१.६ जीबी, म्हणजे २ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर एक चॅनेल चोवीस तास जवळपास तीन महिने मावतो. फक्त संध्याकाळची दोन तासांची बुलेटिन घेतलीत तर तीच डिस्क दोन-तीन वर्षं पुरेल.

आणि कोकणात राहून एक गोष्ट विसरू नका. डीटीएच केयू बँडवर (उपग्रहाच्या सिग्नलचा एक पट्टा) येतं आणि मुसळधार पावसात तो सिग्नल जातो, म्हणजे ज्या दिवशी रेकॉर्डिंग सगळ्यात गरजेचं त्याच दिवशी स्क्रीन काळी. केबलवाल्याकडे दुसऱ्या पट्ट्याच्या, सी बँडच्या मोठ्या डिश असतात, त्या पावसात जास्त टिकतात, म्हणून एक कनेक्शन केबलचं ठेवा. यूपीएस हवाच, आणि लाइट आल्यावर रेकॉर्डिंग आपोआप सुरू होईल अशी सेटिंगही हवी. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा किती गावं किती दिवस अंधारात होती ते तुम्ही पाहिलंय, तिथे यूपीएस काय करणार. त्यापेक्षा घाटावरच्या एखाद्या कॉलेजशी बोलून ठेवा, तुमचं बंद पडलं की त्यांनी तेच चॅनेल रेकॉर्ड करायचे आणि त्यांचं बंद पडलं की तुम्ही.

मी नगरपरिषदेत काम करतो. पुराच्या दिवसांत चॅनेलवर जुने व्हिडिओ आजचे म्हणून दाखवतात, इकडे ऑफिसात फोनवर फोन, लोक सामान वरच्या मजल्यावर चढवायला लागतात. दोन दिवसांनी विचारलं तर ‘आम्ही असं दाखवलंच नाही’ म्हणतात. आमचे साहेब म्हणतात मॉनिटरिंग सेल काढूया. कसा काढायचा?
– कर्मचारी, चिपळूण

दादा, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी ज्यांनी घरात पाहिलंय त्यांच्यासमोर तसं दृश्य परत आलं की काय होतं हे मुंबईच्या स्टुडिओत बसून कळत नाही, त्यामुळे तुमची तक्रार मला शंभर टक्के पटते. सेल म्हणून फार मोठं काही करू नका. नदीची पातळी बघणारा तुमचा जो कंट्रोल रूम पावसाळ्यात चालू असतो त्यातच एक टीव्ही, एक रेकॉर्डर आणि एक वही. वहीत चॅनेल, तारीख, वेळ, काय दाखवलं, आणि प्रत्यक्षात त्या वेळी पाणी कुठे होतं, एवढंच. रेकॉर्डरचं घड्याळ मात्र इंटरनेटच्या वेळेशी जुळलेलं पाहिजे नाहीतर पुढे भांडण व्हिडिओचं न राहता वेळेचं होतं.

चुकीचं दिसलं की पहिल्या दहा मिनिटांत स्वतःचा खुलासा बाहेर पडला पाहिजे, पातळीच्या आकड्यासकट, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, भोंग्यावर आणि त्या चॅनेलच्या जिल्हा प्रतिनिधीला फोनवर. तक्रार नंतर. पण तक्रार कराच, कारण त्याला आता रस्ता आहे. २०२१ मध्ये केबल टीव्हीचे नियम बदलले, त्यानुसार आधी चॅनेलकडेच तक्रार द्यायची, त्यांनी २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय, तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेलवाल्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील. चॅनेलला दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्ड ९० दिवस ठेवावं लागतं, त्यामुळे ‘दाखवलंच नाही’ हे उत्तर त्या मुदतीत चालत नाही, तुम्ही नेमकी वेळ लिहून दिलीत तर. म्हणून वाट बघू नका, त्याच आठवड्यात लिहा.

आणि एक आग्रहाची विनंती, या वहीत आणखी एक रकाना करा आणि तो जास्त मोठा ठेवा. लोक टीव्हीवर तुमच्याबद्दल काय बोलतायत? कुठल्या वॉर्डात तीन दिवस पाणी नाही, कुठलं गटार तुंबलंय, कुठे पंचनामा झाला नाही. जिल्हा माहिती कार्यालयात रोज सकाळी पेपरची कात्रणं काढून अधिकाऱ्यांकडे जातात तसंच हे टीव्हीचं कात्रण त्या त्या विभागाकडे गेलं पाहिजे आणि संध्याकाळपर्यंत समोर ‘काय केलं’ हे लिहून आलं पाहिजे. ज्या नगरपरिषदेचा सेल फक्त चॅनेलच्या चुका शोधतो तो चार महिन्यांत बंद पडेल, आणि पडावाच.

मी लोकल केबलवर आणि यूट्यूबवर बातम्या देतो. आता नगरपालिका आमचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवणार असं ऐकतोय. हे मॉनिटरिंग म्हणजे आमच्यावर पाळतच ना? खरा काय ता सांगा.
– पत्रकार, मालवण

तुमची भीती खोटी नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मॉनिटरिंग आधीपासून आहेच. दिल्लीत माहिती व प्रसारण मंत्रालयाचं इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटर २००८ पासून आहे, सॅटेलाइट चॅनेल प्रोग्राम कोड आणि जाहिरात कोड (काय दाखवायचं नाही त्याचे नियम) पाळतात का ते तिथे बघतात. जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली केबल टीव्हीची देखरेख समिती असायची तरतूद २००५ च्या आदेशात झाली आणि २००८ मध्ये तो आदेश नव्याने निघाला, त्या समितीत पोलीस अधीक्षक असतात तसेच महिला कॉलेजच्या प्राचार्य, मुलांसाठी किंवा महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा माणूस, शिक्षणक्षेत्रातला माणूस अशीही नावं अपेक्षित आहेत. तुमच्या जिल्ह्यातली समिती शेवटची कधी बसली हा प्रश्न तुम्हीच विचारा की, बातमी होईल. निवडणुकीत वेगळी समिती असते, एमसीएमसी म्हणजे मीडिया सर्टिफिकेशन अँड मॉनिटरिंग कमिटी, ती राजकीय जाहिराती आधी तपासते आणि पेड न्यूज पकडते.

या सगळ्यात नगरपरिषदेला तुमची बातमी थांबवायचा अधिकार कुठेच नाही. केबल कायद्यातला अधिकृत अधिकारी म्हणजे कलेक्टर, प्रांत किंवा पोलीस आयुक्त, मुख्याधिकारी नव्हे. नगरपरिषद जे रेकॉर्ड करेल ते सार्वजनिक प्रक्षेपण आहे, तुमच्या घरी बसलेला प्रेक्षक बघतो तेच. फरक पडतो तो कशाची नोंद ठेवतात त्याने. बातमीची नोंद ठेवली तर ते मॉनिटरिंग, पत्रकाराच्या नावापुढे ‘विरोधी’, ‘अनुकूल’ असं लिहायला लागले की ती पाळत, आणि तिला विरोधच केला पाहिजे, मीही तुमच्याबरोबर आहे. ती वही माहितीच्या अधिकारात मागा. क्लिप देताना ते चॅनेलच्या कॉपीराइटचं कारण पुढे करू शकतात, कायद्यात तशी सवलत आहे, पण त्यांनी स्वतः लिहिलेल्या नोंदीला ते कारण लागू होत नाही.

आणि तुमचं स्वतःचं रेकॉर्डिंग जपून ठेवा हो. केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनेललाही ९० दिवसांचं रेकॉर्ड ठेवायचंच आहे. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही अमुक बोललात, तर मूळ फाइल तुमच्याकडेच पाहिजे, कापलेली क्लिप काय, कोणीही फिरवतं.

बातम्या रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे का? प्रोजेक्टसाठी क्लिप इन्स्टावर टाकली तर चालेल का?
– विद्यार्थी, दापोली

अभ्यासासाठी रेकॉर्ड करायला हरकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला मोकळीक देतं. इन्स्टावर अख्खं बुलेटिन टाकणं त्यात बसत नाही. समीक्षा म्हणून दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा, त्यावर तुमचं म्हणणं आणि चॅनेलचा उल्लेख, एवढं ठीक, पण टाकायच्या आधी सरांना विचारा.

माझा सेटटॉप बॉक्स मी काय बघते ते कोणाला कळवतो का? टीआरपी म्हणजेच मॉनिटरिंग का?
– गृहिणी, अलिबाग

नाही ताई, टीआरपी आणि मॉनिटरिंग दोन्ही वेगळं आहे. टीआरपी म्हणजे लोक काय बघतात ते, त्यासाठी बार्क नावाची संस्था निवडलेल्या घरांत वेगळं मीटर बसवते, चॅनेलच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी खूण असते ती हे मीटर ओळखतं. तुमच्या घरी असं मीटर बसवायला कोणी आलं नसेल तर त्या मोजणीत तुम्ही नाही. वर आपण बोलतोय ते चॅनेल काय दाखवतात त्याबद्दल.

मला एमएच्या प्रबंधासाठी टीव्ही मॉनिटरिंगवर विषय हवाय. बाळशास्त्री जांभेकरांच्या पोंभुर्ल्यापासून आमचं गाव जवळ आहे, त्यामुळे काहीतरी कोकणाचंच करायचंय.
– विद्यार्थिनी, देवगड

विषय तुझ्या समोरच आहे, मराठी न्यूज चॅनेलवर कोकण कधी दिसतं आणि कोण बोलताना दिसतं. माझा अंदाज असा की पाऊस, गणपती, हापूस, मुंबई-गोवा हायवेचे खड्डे आणि राजकारण्यांची भांडणं यापलीकडे फार काही नसेल, पण अंदाज म्हणजे प्रबंध नव्हे, मोजून बघ. जगभर दर पाच वर्षांनी एका ठरलेल्या दिवशी बातम्या मोजायचा एक उपक्रम १९९५ पासून चालू आहे, ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट. त्यात १९९५ ला बातम्यांत दिसणाऱ्या किंवा बोलणाऱ्या माणसांमध्ये बायका १७ टक्के होत्या आणि २०२० ला २५ टक्के. पंचवीस वर्षांत एवढंच. ही मोजणी स्वयंसेवकांनी नुसत्या कोडिंग शीटवर (प्रत्येक बातमीची नोंद करायचा रकान्यांचा कागद) केलेली आहे, तुलाही तेवढंच पुरेल.

सलग आठवडा घेऊ नकोस, कारण त्या आठवड्यात वादळ आलं तर सगळा निकाल वादळाचाच येईल. सहा महिन्यांतल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठीने एक सोमवार, मंगळवारांतून एक मंगळवार असा सगळ्या वारांचा एक आठवडा बांध, आणि तसाच दुसरा. प्रत्येक बातमीला जागा, विषय, किती सेकंद, आणि कोण बोललं ते लिही, मच्छीमार, बागायतदार, सरपंच, आमदार, बाई, पुरुष. वेगवेगळे रकाने कर आणि कुठल्या रकान्यात काय टाकायचं त्याचे नियम मोजणीच्या आधी लिहून काढ, मध्येच बदलू नकोस. ‘कोकण’ म्हणजे कुठून कुठपर्यंत हेही आधी ठरव, पनवेलची बातमी कोकणात धरायची का हा वाद तुझ्या गाइडशी पहिल्याच दिवशी घालून टाक. निदान दहा टक्के बातम्या मैत्रिणीला स्वतंत्रपणे कोड करायला, म्हणजे त्याच रकान्यांत टाकायला दे आणि दोघींचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने (योगायोगाने जुळलेलं वगळून जुळणी मोजायचं सूत्र, १ म्हणजे पूर्ण जुळणी) काढ, ०.७ च्या खाली आलं तर नियम धूसर आहेत असं समजून ते परत लिही आणि पहिल्यापासून मोज. रेकॉर्डिंग मात्र आजच सुरू कर, विषय मंजूर व्हायची वाट बघू नकोस, चॅनेलवाल्यांनी ९० दिवसांनी पुसलेलं मागून मिळत नाही.