'डोस रेट'ला मराठीत काय म्हणायचं?

ताई, तुम्ही विचारलंय की पेशंटसाठीच्या माहितीपत्रकात 'अल्ट्रा हाय डोस रेट रेडिओथेरपी'चं 'अतिउच्च मात्रा किरणोपचार' केलंय ते बरोबर आहे का, अन 'मात्रा' लिहावं का सरळ 'डोस'.

डोसचं सोपंय. आपल्या लातूर-नांदेडकडं नातेवाईक 'लाईट दिली', 'शेक दिला' म्हणतात, डॉक्टर डोस म्हणतात, अन मात्रा म्हणलं की म्हाताऱ्या माणसाला सहाणेवर उगाळायची मात्रा आठवते नाहीतर 'त्याच्यापुढं कुणाची मात्रा चालत नाही' हे. पुस्तकात मात्रा ठेवा, पत्रकात डोस. (डोस पाजणं म्हणजे झापणं असंही आहेच, पण दवाखान्यात तो अर्थ कुणी घेत नाही.)

खरा घोळ 'रेट' गाळल्यानं झालाय. 'अतिउच्च मात्रा' वाचून पेशंटला वाटणार की आपल्याला लई रेडिएशन देऊलालेत, अन तसं नाहीच. २०१८ साली स्वित्झर्लंडमधे लोझानला पहिल्या पेशंटला ही पद्धत, तिलाच फ्लॅश म्हणतात, दिली तेव्हा एकूण डोस १५ ग्रे होता, ग्रे म्हणजे एक किलो वजनामागं एक ज्यूल ऊर्जा, पण तो सगळा ९० मिलिसेकंदात. नेहमीच्या मशीनचा हिशोब मिनिटाला काही ग्रे असा असतो, इथं सेकंदाला ४० ग्रेच्या वर. आपल्याकडं मंडळात २४ तासात ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, पण दिवसभर रिपरिप पडला का अर्ध्या तासात कोसळला ते त्या आकड्यात दिसत नाही, अन रान खरडून जायचं का नाही ते तर त्याच्यावरच. फ्लॅशमधे उलटं आहे म्हणा, झटक्यात दिल्यावर आजूबाजूच्या चांगल्या पेशींना कमी इजा होते असं प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलंय, म्हणून तर एवढी धडपड चाललीय.

'मात्रादर' हा शब्द चूक नाही, पण आपल्याकडं दर म्हणलं की सोयाबीनचाच. पत्रकात 'डोस देण्याचा वेग' लिहा. त्यातही सरासरी वेग अन एका पल्समधला, म्हणजे किरणांच्या एका झटक्यातला, वेग वेगळे. लोझानचे ते १५ ग्रे १० पल्समधे दिले, प्रत्येक पल्स साधारण एक मायक्रोसेकंदाचा, म्हणजे सरासरी सेकंदाला १६७ ग्रे, पण पल्स चालू असताना दहा लाखांच्या पुढं.

अन तुमच्या पत्रकातलं 'डोस नेहमीच्या यंत्राने अचूक मोजला जातो' हे वाक्य काढाच. नेहमीचं यंत्र म्हणजे आयन चेंबर, त्यात किरणांनी हवेतले रेणू फुटून आयन तयार होतात अन व्होल्टेज लावून ते गोळा करतात. पण फ्लॅशमधे एकाच पल्सला एवढे आयन होतात की इलेक्ट्रोडपर्यंत पोचायच्या आत धन-ऋण एकमेकांना चिकटून जातात, त्यामुळं चेंबर खरा डोस असतो त्याहून कमी दाखवतं. दोन व्होल्टेजवर मोजून दुरुस्ती काढायची नेहमीची रीत तिथं नीट लागू पडत नाही, अन कमी दिसतंय म्हणून कुणी डोस वाढवला तर पेशंटला जास्त बसायचा. मशीनच्या आत डोस पुरा झाला की बीम, म्हणजे किरणांचा झोत, बंद करायला जे चेंबर असतं तेही त्याच जातीचं, म्हणजे पंचाईतच.

मग काय वापरतात? किरणांनी रंग बदलणारी फिल्म अन अ‍ॅलनिन ह्या अमिनो आम्लाच्या गोळ्या, ह्यांना वेगाचा फारसा फरक पडत नाही पण रीडिंग नंतर मिळतं, तोवर डोस देऊन झालेला. नाहीतर कॅलरीमीटर, म्हणजे तापमान किती वाढलं ते बघायचं, अन एका ग्रेनं पाणी तापतं किती तर ०.०००२४ अंश सेल्सिअस! खास ह्याच्यासाठी बनवलेले हिऱ्याचे डिटेक्टरही आलेत.

तर पत्रकात असं करा: 'अतिवेगवान डोस रेडिओथेरपी (फ्लॅश): ठरलेला डोस काही मिनिटांऐवजी सेकंदाच्याही आत दिला जातो. एवढ्या वेगात तो मोजायला वेगळी साधनं लागतात.' अन 'शेक' शब्द कंसात राहू द्या, गावाकडच्या माणसाला तोच कळतो.